उरलेल्या मांसाची गार कोशिंबीर

व्हिनेगरमधल्या कांद्याचा वास आला की मला जर्मनीत रेगेन्सबर्गमधला शिकत असतानाचा एक उन्हाळा आठवतो. घरमालकीणबाईंचे यजमान ईस्टरच्या सुमारास गेले आणि बाईंनी स्वयंपाकच सोडला. एका रविवारी त्यांच्या मुलाने अंगणात भाजलेल्या गोमांसाचे थोडे मऊ तुकडे उरले, ते त्या टाकायला निघाल्या. मी गोमांस खात नव्हते, तरी म्हटलं, "द्या इकडे." तुकडे पातळ कापले आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला कांदा, काकडी, त्यांच्याच गॅलरीतला पुदिना घालून गार कोशिंबीर केली. त्यांनी उभ्यानेच एक घास खाल्ला, मग खुर्ची ओढली. "उद्या बटाटे मी उकडते," त्या म्हणाल्या, "तू इथेच जेव." पुढे उन्हाळाभर आम्ही एकत्र जेवलो. अजूनही लोक मला हसून सांगतात, तुझं जर्मन अगदी आजीबाईसारखं आहे. ते मी त्या टेबलावर शिकले.