नील्सा कुणाला चावली?

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात आमच्या ब्रॉन्क्सच्या गल्लीत नील्सा कोर्देरोला एकच गोष्ट हवी होती: आमच्या टोळीचं जाकीट. गाण्यातला गाणारा गप्प होऊन नुसता ढोल उरला, की आमची पोरं जमिनीवर पडून नाचायची. मी तबकडी मागे फिरवून तेवढाच तुकडा पुन्हापुन्हा वाजवायचो. म्होरक्या लमाँट. स्वतःला राजा समजायचा, आणि आईने हाक मारली की दूध आणायला पळायचा. "मुलगी असलीस तरी आधी नाचून दाखव," त्याने नील्साला बजावलं होतं.

शनिवारी दुपारी ती गल्लीत नाचायला अंथरलेल्या लिनोलियमच्या गुळगुळीत तुकड्यावर उतरली. पाय जराही न उचलता अशी सरकली की माझा हात तबकडीवरून सुटला. लमाँटचं तोंड कडू झालं.

"चावलीस," तो म्हणाला. दुसऱ्याची चाल उचलणं म्हणजे आमच्यात चावणं. चावणाऱ्याला जाकीट नाही.

"कुणाची? नाव सांग की."

"ते मला काय माहीत? पण इतकं चांगलं तुझं नसणार." आणि त्याने गल्लीभर बोंब ठोकली, "नील्सा चावते!"

तिची आई मिग्दालिया, जिला सगळे मानाने 'दोन्या' म्हणायचे, लोकांच्या फरश्या चमकवून घर चालवायची. स्पॅनिशपलीकडे तिला मोजके शब्द यायचे, त्यात 'चावणं' नेमका यायचा. पायांना फडकी बांधून ती इमारतीच्या दारातली फरशी पुसत होती. तशीच सरकत लिनोलियमवर आली.

"कुणाला चावली ही? रक्त आलंय? दाखव."

सगळ्यांचे डोळे तिच्या पायांवर. तीच चाल, तसूभरही फरक नाही. नील्साने मान खाली घातली.

"तुम्हालाच चावली, दोन्या," मी म्हणालो आणि सगळं समजावलं. ती हसून हसून पायरीवर बसली.

नियम म्हणजे नियम. चाल जिची, जाकीट तिचं. दोन्याने ते एप्रनवरच चढवलं.

"आई, ते माझं आहे," नील्सा रडकुंडीला आली.

"मग तुझी स्वतःची चाल काढ आधी."

मला पोरीची दया आली, हसूही आवरेना. दोन्या पुढचा दीड महिना ते जाकीट घालून भाजी आणायला जायची. नील्सा तिच्याशी बोलत नव्हती. कोपरं सोलवटून घरी यायची.

मग एका शनिवारी ती लिनोलियमवर आडवी झाली आणि एका खांद्यावर गरकन फिरली, पाय आभाळाकडे. थांबेचना. लमाँट हळूच दोन्याकडे वळला.

"हीसुद्धा तुमचीच का?"

"माझ्या बापजन्मात नाही," ती म्हणाली, आणि जाकिटाची बटणं काढायला लागली.