उमाळ्याच्या कपारीतली कळशी

चंद्राबाईंनी पुढे पंचवीस वर्षं खालापूरच्या आसपासच्या डोहांतून लोकांची बुडालेली भांडी काढून दिली. पहिली बुडी मात्र मारली ती स्वतःची अब्रू वाचवायला.

तेव्हा ती नुसती चंद्रा होती. अठ्ठावन्न साली लग्न होऊन आली आणि पहिल्याच भादव्यात, उमाळ्याच्या डोहावर, सासूचा तांब्याचा हंडा तिच्या हातून निसटला. नदीला लोंढा होता. हंडा डोळ्यांदेखत गेला. सासू सुंदराबाई जिभेच्या तिखट. त्यांनी गावभर केलं, "हंडा कशाला बुडतोय? माहेरी पोचला आसंल. माझी कळशी आंगणातून चोरानं नेली, तवापासून मी कुनावर इस्वास ठेवीत नाय."

हे चंद्राने सहा महिने ऐकून घेतलं. चैत्रात पाणी नितळलं. डोहाच्या तळाशी मोठी कपार होती. झरा तिच्यातूनच फुटायचा, म्हणून नदी भर उन्हाळ्यातही वाहती असे. कपारीत आसरांचा, म्हणजे पाण्यातल्या देवतांचा, वास, त्यामुळे भले भले पुरुष तिथे उतरत नसत. चंद्राचं बालपण मात्र नदीतच गेलेलं. तिने पदर खोचला आणि विहिरीच्या दोराचं टोक नवऱ्याच्या, सहदेवच्या हातात दिलं.

"झटका दिला का वढा," ती म्हणाली. गाव काठावर जमलं होतं.

खाली काही दिसेना. झऱ्याचं पाणी डोहापेक्षा गार, एवढं तिला ठाऊक होतं. जिकडून तोंडाला गारवा लागला तिकडे ती सरकत गेली. आधी डोकं कपारीत, मग खांदे. पुराने आत कोंबलेल्या गाळात हाताला एका भांड्याचा काठ लागला. दोराच्या दुसऱ्या टोकाचा फास त्याला अडकवून तिने झटका दिला.

वर आली ती कळशी. हंडा नव्हताच! सहदेवने वाळूने घासून गळ्यावर कोरलेलं नाव मोठ्याने वाचलं, "सौ. सुंदरा येसाजी."

येसाजी म्हणजे चंद्राचे सासरे. चोराने नेलेली कळशी ती हीच.

सुंदराबाई कळशीकडे बघत राहिल्या आणि मग पदर तोंडाला लावून हसत हसत खालीच बसल्या. "सासूच्या भ्यानं चोराचं नाव घेतलं गं मी," त्या म्हणाल्या. चंद्रालाही हसू आवरेना. सहा महिन्यांचा राग कुठल्या कुठे गेला.

दुसऱ्या बुडीत हंडा आला. चंद्रा लुगडं पिळू लागली, तशी सासूने तिचा हात धरला.

"थांब गं पोरी. आमच्या सासूची बी एक घागर चोरानं नेलेली. आनखी एकदा बघ."