करंटवाला चमचा

डॉक्टरांनी माझं मीठ बंद केलं आणि घोडपदेवच्या आमच्या घरात माझ्यापुरतं वेगळं पातेलं चढू लागलं. सून पथ्याची इतकी पक्की, की मिठाबरोबर मिरची, कोकम, तिरफळ सगळंच हद्दपार. त्या पातेल्यातला बांगडा म्हणजे ओल्या पायपुसण्याचा तुकडा. दोन घास गिळून मी ताट सरकवायचे. ब्लाउज अंगावर लोंबायला लागले, तेव्हा घरातली माणसं घाबरली.

नातीने चमचा मागवला. दांड्यात बॅटरी. जिभेला बारीकसा करंट देतो म्हणे, की अळणी जेवण खारट लागतं.

"आजी, दांडा घट्ट धर आणि तोंडात ठेव. लगेच काढू नको."

ठेवला. शी! जिभेवर मुंग्या, आणि मुंग्यांमागून गंजक्या नळाची चव. ही चव माझ्या ओळखीची. तरुणपणी चाळीत कुणाचा ट्रान्झिस्टर बंद पडला, की त्याची चौकोनी बॅटरी माझ्याकडे यायची. जीभ काढून मी ती दोन्ही टोकांना लावायचे आणि डॉक्टरणीच्या थाटात सांगायचे, "आहे, जीव आहे अजून." भोवती घोळका. मला वाटायचं, काय आपली हुशारी! मेले जमायचे ते बाई लाळ गाळत बॅटरी चाटते, ही फुकटची गंमत बघायला. त्या ठमीला आज तोच प्रसाद मिळाला, कालवणासकट.

"लागतं ना खारट?" नातीने विचारलं.

"चमचा लागतो. मासा नाही."

तोंडातून काढला की चव गायब, मागे नुसता अळणी लगदा. त्यात चमच्याला काटा कुठे कळतो? टाळ्याला टोचला. मी सगळं ताटात थुंकले आणि ते बघून मलाच ओकारी आली.

सून रडवेली झाली. "आई, मग खाणार तरी काय तुम्ही?"

"डॉक्टरांनी मीठ बंद केलं. तिरफळ कुणी बंद केलं गं?"

तिने डॉक्टरांना फोन लावला. त्यांना चालत होतं.

दुसऱ्या दिवशी ठेचलेली तिरफळं आणि कोकम घालून बांगडा आला. मीठ नाही ते नाहीच, खोटं कशाला बोलू? पण जीभ झिणझिणली, आणि या वेळी माशाने. बोटांनी काटे काढत अख्खा संपवला.

नातीने माझ्या ताटातलं एक तिरफळ उचलून कचकन चावलं. डोळ्यांत पाणी, तोंड वाकडं, धावली मोरीकडे.

"लगेच काढू नको," मी म्हटलं.