मडगार्डवरचा पोचा

थिनरचा वास आला की शिरूरच्या माझ्या गॅरेजात उभा राहिलेला तो लष्करी ट्रक आठवतो. दौंडच्या एका निवृत्त फौजी ड्रायव्हरनं, आप्पांनी, नोकरीत चालवलेली आपलीच जुनी गाडी लिलावात घेऊन माझ्याकडं दुरुस्तीला आणली होती. आठवडाभर ठोकून मी मडगार्ड अगदी सपाट केलं, वर हिरवा रंग मारला. गाडी न्यायला आलेले आप्पा सवयीनं ऑइल बघायला मडगार्डवर चढायला गेले आणि घसरले. हात फिरवत म्हणाले, "हितं पोचा हुता. रोज पाय देऊन देऊन माझ्याच बुटानं पडलेला." मला आधी रागच आला, एवढी मेहनत! मग म्हणालो, "ठेवा पाय, आप्पा." खडूनं त्यांचा बूट आखला आणि नव्या रंगावर हातोडा घातला. जन्मभर लोकांच्या गाड्यांचे पोचे काढतोय. मुद्दाम पाडलेला तेवढा एकच.