बीटासाहेबांचा एस्टर

बीटासाहेब अपमानसुद्धा अहो-जाहो करून करत. "तुम्ही बी.एस्सी. कुठून केलंत? त्या कॉलेजला कळवायला हवं," हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. टेबलावरच्या पाटीवर 'डॉ.' होतंच, जेवणाच्या डब्यावर, छत्रीच्या मुठीवर आणि हेल्मेटवरही होतं. तलासरीच्या उकाड्यात ते टाय बांधत. मला ते आवडत नसत. आजही आवडत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण असल्या आठवणींत माणूस शेवटी देवमाणूस निघतो.

२०१४ पासून तीन-चार वर्षं मी वेवजीच्या रस्त्यावरच्या एका छोट्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. साबण आणि अगरबत्तीवाल्यांसाठी आम्ही सुगंधी एस्टर बनवायचो. एस्टर म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून झालेला रेणू. तो शुद्ध करायला भांड्यात तापवून त्याची वाफ थंड करायची. पण वाजवीपेक्षा जास्त तापला तर तो तुटतो, आम्ल सुटं होतं आणि फुलांच्या वासाऐवजी व्हिनेगरचा भपका येतो. कोणता एस्टर किती तापमानाला तुटेल, हे त्याच्या बांधणीवर ठरतं. साहेबांची डॉक्टरेट त्यावरच होती, आणि ती त्यांनी कुणाला विसरू दिली नाही.

कुठल्याही रेणूचं नाव निघालं की ते विचारत, "बीटा हायड्रोजन आहे का?" नाव त्यावरून पडलं. त्यांचं म्हणणं असं : अल्कोहोलकडून आलेला पहिला कार्बन अल्फा, त्याच्या शेजारचा बीटा. बीटावर हायड्रोजन असेल तर तापल्यावर तो ऑक्सिजनकडे उडी मारतो आणि रेणू दुभंगतो. अल्फाला तीन कार्बन चिकटलेले असतील तर फारच लवकर. त्यात आम्लाचा अंश पडला तर आणखी कमी तापमानाला. "टर्पिनिल ॲसिटेट असा आहे, हळवा. बेंझिल ॲसिटेटला बीटा हायड्रोजनच नाही. तो तुमच्यासारखा. कितीही बोला, ढिम्म."

हे ज्ञान ते मला रोज पाजत. लहानूभाऊंना मात्र एकदाही नाही. लहानूभाऊ वेवजीचे, पन्नाशीचे. तांब्याचं ऊर्ध्वपातनाचं भांडं सतरा वर्षं तेच चालवत होते. "त्यांना आकडा द्या, कारण देऊ नका. गोंधळ होतो," असं साहेबांचं मत. त्यामुळे लहानूभाऊंना फक्त एक तापमान सांगितलेलं असे आणि काटा तिथून हलत नसे.

दर दसऱ्याला लहानूभाऊ ते भांडं आतून-बाहेरून चिंच आणि मिठाने घासत, घरचा तांब्याचा हंडा घासावा तसं. मग झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. साहेबांना ही चकाकी फार आवडायची. टाय सरळ करून ते भांड्याशेजारी उभे राहत आणि फोटो मला काढावा लागे. धुतलेल्या भांड्यातल्या पाण्यात लिटमस पेपर बुडवून आम्ल उरलंय का बघायचं आणि मगच तक्त्यावर 'भांडं स्वच्छ' म्हणून सही करायची, हे माझं काम होतं. दसऱ्याला मी नुसती चकाकी बघून सही करत असे. काही बिघडत नसे, कारण दसऱ्यानंतरचा पहिला माल नेहमी बेंझिलचा असायचा.

एका वर्षी नवं गिऱ्हाईक आलं आणि पहिला माल टर्पिनिलचा लागला. काटा जागेवर होता, तरी दुपारी सगळ्या शेडमध्ये व्हिनेगरचा वास सुटला. माल गेला. कारखान्याचे मालक, शेठ, वासानेच आत आले.

"लहानू, तू झोपला होता काय?"

"नाय शेठ. काटा सांगितला तिथंच व्हता."

"तर मग हे काय आपोआप झालं? उद्यापासून येऊ नको."

"शेठ, सतरा वर्सं झाली," लहानूभाऊ म्हणाले.

भांड्याच्या सांध्यांत अडकलेली चिंच माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि तिच्या मागोमाग माझी सही. मी पायांकडे बघत राहिलो.

"लहानू, भांडं कशाने घासलंत?" साहेबांनी विचारलं.

"चिंचेनं, सायेब. दर सालासारखं."

साहेब शेठना म्हणाले, "रेणू बदलला हे मला माहीत होतं, यांना नव्हतं. सांगायचं काम माझं. चूक माझी."

"अरे डॉक्टर, चिंच काय तुम्ही लावली?"

"मी तिच्याबरोबर फोटो काढून घेतला."

हे त्यांनी अहवालात लिहूनही दिलं, सहीखाली पदवीसकट. गिऱ्हाइकाला कुणाचा तरी बळी हवाच होता. दिवाळीनंतर साहेबांना जायला सांगितलं. लहानूभाऊ राहिले.

उरलेल्या दिवसांत साहेब रोज जेवणानंतर फरशीवर खडूने रेणू काढून लहानूभाऊंना शिकवत होते.

"म्हंजे ह्यो टणक, आन् त्यो रुसका," लहानूभाऊ म्हणाले.

"चूक. पण चालेल."

डहाणू रोड स्टेशनवर त्यांना सोडायला मी एकटाच गेलो. लहानूभाऊंनी त्यांच्यासाठी चिकूंची पिशवी दिली होती. साहेबांनी फलाटावर एकेक चिकू दाबून पाहिला, सडका निघाला तो माझ्या हातात ठेवला. मग खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढून तोही दिला. तो दसऱ्याचा तक्ता होता, माझ्या सहीचा. अहवालाला जोडायला हवा होता, साहेबांनी जोडलेला नव्हता.

"पेपर आधी बुडवायचा असतो," ते म्हणाले. "सही नंतर."

गाडी लागली. मी कसंबसं "सर, मी..." एवढं म्हटलं.

"तुम्ही ती बॅग उचला. आणि उभी ठेवा, आडवी नको."

मी बॅग उभी ठेवली. त्यांनी खिडकीतून एकदाही बाहेर पाहिलं नाही.