त्याला मराठी कळत होतं का

मद्रासला आमच्या तंजावरी घरात मराठी बोलत, पण शाळा तमिळ. त्यामुळे देवनागरी मला कशीबशी वाचता येई, लिहिता मात्र तमिळ अक्षरंच येत. नवरा साताऱ्याकडचा, फौजेत, पार सरहद्दीवर. त्यांना ती अक्षरं वाचता येत नसत. म्हणून तुकडीतला एक तमिळ शिपाई माझी मराठी पत्रं त्यांना मोठ्याने वाचून दाखवी. ‘त्याला अर्थ कळत नाही,’ असं हे लिहायचे. माझा काडीचा विश्वास नव्हता. परक्या पुरुषाने माझं मन वाचायचं? मेल्याच्या हाती काही लागू द्यायचं नाही, म्हणून दोन वर्षं मी फक्त नळाचं पाणी, तांदूळ आणि आईचा खोकला एवढंच लिहिलं.

सुट्टीवर आलेला तो शिपाई एकदा यांनी दिलेली शाल घेऊन घरी आला. मी कॉफी दिली आणि मुद्दाम मराठीत म्हटलं, “मिशीला फेस लागलाय.” तो नुसताच हसला. हात मिशीकडे गेला नाही.

मग संकोचत त्याने तमिळमध्ये विचारलं, “अक्का, तुम्ही असं काय लिहिता? प्रत्येक पत्र ते तीनतीनदा वाचायला लावतात आणि डोळे पुसतात.”

‘नळाला पाणी येत नाही’ असं लिहिते, हे त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही.