साडभाऊंनी नागपूरचं नाटक पाहिलं

आमच्या साडभाऊंइतका उपद्रवी प्रेक्षक देवाने दुसरा घडवला नसेल. घडवला असलाच तर तो नागपूरकडे फिरकला नसणार, नाहीतर तिथली थिएटरं केव्हाच बंद पडली असती. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सिंदेवाहीला धानाची शेती होती, पण ती नावाला. खरा धंदा प्रॉम्टिंगचा, आणि तोही फुकट. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या दिवसांत गावात नाटक उभं राहिलं की हे पडद्याआड पुस्तक घेऊन बसत ते थेट उजाडेपर्यंत. आवाज असा की नटाच्या तोंडून निघण्याआधीच वाक्य शेवटच्या रांगेला पोचलेलं असे. "एक डुलकी घेतली असन तं मिशी काढून देतो," असं ते छाती ठोकून सांगत, आणि कोणी न विचारता सांगत. खोड घरातही तीच. तुम्ही बोलता बोलता श्वास घ्यायला थांबलात की पुढचं वाक्य यांच्याकडून आलंच म्हणून समजा. माझ्या लग्नात बायको उखाण्यात लाजून अडली, तर माझं नाव यांनीच घेऊन टाकलं! मांडव हसून आडवा झाला आणि हे आपले विचारतात, "काऊन हासून राह्यले बे?"

तेव्हा आमचा जिल्हा चांदा, आणि मी आलापल्लीला लाकडाच्या डेपोत कारकून. साडभाऊंचा गणपत नावाचा एक दोस्त होता. तरुणपणी गावच्या नाटकात नायिका व्हायचा आणि ऐन रंगात वाक्य विसरायचा. दरवेळी साडभाऊंनी त्याची अब्रू राखलेली. पुढे तो नागपूरच्या गिरणीत लागला. तिथल्या एका नाटक मंडळीने त्याला पहिल्यांदाच मोठं काम दिलं, म्हाताऱ्या बापाचं. जमलं तर कायमचा घेणार होते. नाटक सिंदेवाहीला होऊन गेलेलंच, साडभाऊंना तोंडपाठ. गणपतने निरोप धाडला, "भाऊ, तुमी समोर बसल्याबिगर मी तोंडाले रंग लावत नाई." झालं! शनिवारी सिंदेवाहीहून छोट्या रुळांच्या गाडीने आम्ही निघालो. साडभाऊंच्या संगती चटई, घोंगडी, कंदील आणि चिवड्याचा डबा. नाटक म्हटलं म्हणजे उजाडणारच, ही त्यांची समजूत कोणाच्या बापाला काढता आली नसती.

थिएटरच्या दारात गड्याने अडवलं. "खुर्च्या आहेत ना आत, चटई कशाला?"

"खुर्चीत का माणूस सकाळलोक बसते?" साडभाऊ म्हणाले, आणि चटई काखोटीला मारून आत घुसले. मी शरमेने चार पावलं मागे राहिलो. पडदा उघडल्यापासून यांची कुरकुर सुरू. आवाज काऊन नाई, पेटी काऊन नाई, नट पाठ काऊन करते. शेजारची मंडळी माझ्याकडे पाहू लागली, जसं काही मीच यांना जन्माला घातलं!

तेवढ्यात तो प्रवेश आला. मुलगा गेल्याची बातमी येते आणि बाप जागच्या जागी उभा राहतो. गणपत उभा राहिला. बोलेना. सगळं थिएटर श्वास धरून बसलं. साडभाऊ आधी चुळबुळले, मग खुर्चीवर उभे राहिले आणि आमच्या पटाच्या मैदानाला पुरेल अशा आवाजात गरजले, "बाळा, मला सोडून कुठे गेलास रे! बोल नं बे, गणप्या!"

लोक रडायचे तिथे पोट धरधरून हसले. त्या हसण्यातच पडदा पडला.

रविवारी गणपतच्या खोलीवर गेलो. त्याच्या बायकोने चहा ठेवला आणि पदर तोंडाशी धरून आत गेली. साडभाऊ खुशीत! "वाचवलं तुले काल."

गणपत खाली बघत म्हणाला, "भाऊ, मी इसरलो नवतो. तिथी गप्पच राहाचं होतं. महिनाभर तेवढंच शिकवलं मले."

"गप्प राहाले शिकवा लागते?"

"लागते, भाऊ. काल जमलं होतं." मग कपबशी बाजूला सारत म्हणाला, "त्यायनं सकाळीच दुसरा माणूस घेतला."

परतीच्या गाडीत साडभाऊंनी खिडकी धरली. नागभीडच्या अलीकडे मी मुद्दाम एक वाक्य अर्धवट सोडून पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. खरं सांगतो, मला धास्तीच बसली.

पुढच्या पटाला गावात तेच नाटक लागलं. साडभाऊंनी स्वतः जाऊन गणपतला आणलं आणि बापाचं काम दिलं. मी पडद्याआड यांच्या बाजूला. तो प्रवेश आला, आणि गणपत उभा राहिला. बोलेना. आमच्या पब्लिकला असलं काही ठाऊक नाही. ओरडा सुरू झाला, "प्रॉम्टर झोपला रे! उठवा बे त्याले!" उभ्या जन्मात या माणसाला कोणी हे म्हटलं नव्हतं. मी वळून पाहिलं. पुस्तक मांडीवर मिटलेलं, दोन्ही हात तोंडावर घट्ट, आणि मिशीवरून घळाघळा पाणी.

ओरडा थकला. मग शेवटची रांगही गप्प झाली. आणि मगच गणपत बोलला. अख्खा मांडव रडला.

गावाने पुढे साडभाऊंचं नाव 'झोप्या प्रॉम्टर' पाडलं. मी एकदा चिडून म्हणालो, "भाऊ, खरं सांगून टाकू का लोकांना?" तर म्हणाले, "राहू दे. तूई गप्प राहा."

आता साडभाऊ नाहीत. बोलता बोलता मी मध्येच अडतो, सवयीने जरा थांबतो, आणि पुढचं वाक्य मला माझं मीच शोधावं लागतं.